नळीची दुसरी कातडी

१

वावर गावाच्या पुढच्या ओढ्यावरचा लोखंडी पूल बाजाराच्या दिवशी माणसांसकट खाली गेला. मंगळीच्या पाटीतली सुकट संध्याकाळपर्यंत पाण्यावर तरंगत होती. मंगळी मात्र पुलाच्या नळ्यांखाली अडकली ती जिवंत निघाली नाही. आणखी सात-आठ जण हातपाय मोडून जव्हारच्या दवाखान्यात पडले. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी पूल जोडणाऱ्या कमलेशला उचललं.

नीता महाले हे ऐकताच जव्हारच्या पोलीस ठाण्यात गेल्या. पायरीवरच त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला होता.

"कुठाय तो? आणि कुणाच्या सांगण्यावरून धरलात त्याला?"

फौजदार गौतम खुर्चीतून उठला. बदली होऊन त्याला वर्ष झालं नव्हतं, पण नीताबाई कोण हे त्याला ठाऊक होतं. साखरशेतच्या शेतकऱ्याची मुलगी, नाशकाच्या तंत्रनिकेतनात जन्मभर 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल' शिकवून गावाकडे परतलेली. तालुक्यात ज्याच्या हातात मोजपट्टी आहे, त्याने कधी ना कधी या बाईंची बोलणी खाल्लेली असतात.

"बसा, मॅडम. वेल्डिंग कमलेशचं. पाइप आणला कमलेशने. ड्रॉइंगमध्ये जाड पाइप लिहिला होता, त्याने पातळ वापरला."

"त्याने सांगितलं तसं?"

"हे बोलतंय," म्हणत गौतमने टेबलावर वीतभर पाइपचा तुकडा ठेवला. वरून हिरवा ऑइलपेंट, दोन्ही टोकं गॅसने कापलेली. "पडलेल्या पुलाचा मुख्य पाइप. डिझाइनवाल्या उमेश साहेबांनी स्वतः पंचांसमोर कापून दिला."

नीताबाईंनी पर्समधून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. बायका पर्समध्ये कंगवा ठेवतात तसा त्या व्हर्नियर ठेवत. टोक घासून जबडा लावला. पाइप पातळ होता, चांगलाच पातळ. त्यांनी तुकडा हातात गोल फिरवला. एका अंगाचा रंग उडून लोखंड लखलखत होतं, दुसऱ्या अंगाला रंग जशाचा तसा. त्या चकाकीवर त्यांनी एकदा अंगठा फिरवला.

कोठडीच्या गजांमागून कमलेश म्हणाला, "मॅडम, मी निळ्या पट्ट्याचाच आणला. आईची शपथ. पिवळा फक्त कठड्याला. ड्रॉइंगमध्येच तसं लिहिलं हतं."

गौतमने भुवया उंचावल्या. नीताबाईंनी त्याला समजावलं, "बाजारात एकाच मापाचा पाइप तीन जातींचा मिळतो. बाहेरून जाडी सारखीच दिसते, फरक आतल्या पोकळीत. पिवळा पट्टा हलका, निळा मध्यम, लाल जड. एकदा रंग मारला की डोळ्यांना कळत नाही."

"म्हणजे फसवायला सोपं," गौतम म्हणाला.

"कुणालाही."

एवढ्यात उमेश आत आला. अनवाणी. हातात बूट, पॅन्ट मांडीपर्यंत ओली. बाहेर त्याच्या जीपच्या बॉनेटवर दोन मोजे वाळत पडले होते.

"अरे वा, मॅडम!" तो वाकला. पुलांचं डिझाइन करणारा हा माणूस एके काळी त्यांच्याच वर्गात बसायचा. अक्षर सुंदर आणि बोलणं त्याहून गोड. "कशाला दगदग केलीत?"

"तू कशाला केलीस? एवढा मोठा साहेब आणि अनवाणी?"

"वांगणीच्या पलीकडचा पूल तपासून आलो. आमचं काम असंच, मॅडम. ओढ्यानाल्यांतून."

"तो दुसरा पूल? याच ड्रॉइंगचा?"

"हुबेहूब. पण तो नाशकाच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये जोडलाय, पाइप खात्रीचा. सोमवारी पैसे देणाऱ्या संस्थेचे लोक येऊन पाड्याला सोपवणार. शाळेतली मुलं पहिली चालतील. कमलेशसारख्या पोराला काम दिलं, ही माझी चूक झाली. आपला म्हणून दिलं."

गजांमागून कमलेशने मान खाली घातली. त्याच्या दुकानाच्या शटरवर आदल्या दिवशी कुणीतरी शेण फेकलं होतं. मंगळी त्याची सख्खी मामी होती.

नीताबाईंच्या कानशिलात कळ आली. ही जुनी कळ होती. बत्तीस वर्षांपूर्वी याच वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हा गाड्या भरभरून माणसं आली होती आणि त्यांतलं कुणीतरी त्यांच्यासमोर म्हणालं होतं, यांच्या आयांनाच काही कळत नाही. तेव्हा त्या तरुण होत्या आणि गप्प बसल्या नव्हत्या. आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. गप्प बसायची सवय तेवढी कधी लागली नव्हती.

"फौजदार, जीप काढा," त्या म्हणाल्या. "मला पडलेला पूल बघायचाय. तुमच्यासमोर."

२

ओढ्यात सांगाडा मोडक्या बरगड्यांसारखा पडला होता. मंगळीचा नवरा सुकऱ्या काठावर उकिडवा बसला होता. त्याने नीताबाईंना पाहिलं, पण उठला नाही.

"बाय, कमल्याची बाजू घेऊन आली काय?"

"कुणाचीच नाही. मला पाइप दाखव. माणसं ज्याच्यावर चालायची त्या फळीच्या खालचा, सगळ्यात मोठा भार घेणारा."

"मंग हा." सुकऱ्या पाण्यात उतरला आणि त्याने एका नळीवर पाय ठेवला. ती मधोमध दुमडून, चिपाडासारखी चपटी होऊन वळली होती. "हीच पहिली बसली. मी मागं हतो. कडाक केलं आन् पायाखालचं गेलं."

गौतमने सोबत आणलेल्या माणसाकडून तो पाइप न दुमडलेल्या जागी कापून घेतला. नीताबाईंनी व्हर्नियर लावला. एकदा, दोनदा. मग तो गौतमच्या हातात दिला.

"तुम्हीच वाचा."

गौतमने वाचलं आणि ड्रॉइंग उघडून पाहिलं. आकडा जुळत होता. त्यांनी दुसऱ्या नळीला लावायला सांगितलं, मग तिसऱ्या. सगळे पाइप ड्रॉइंगबरहुकूम. निळा पट्टा. वेल्डिंगही कुठे सुटलं नव्हतं. उलट सांधे शाबूत होते आणि नळ्याच वळल्या होत्या.

"मग ठाण्यातला तुकडा?"

"त्या तुकड्याच्या एका अंगाचा रंग उडालाय, बघितलंत? फळीखालच्या पाइपचा रंग कशाने उडेल? तिथे पोहोचतं कोण?" नीताबाई पाण्यात पडलेल्या कठड्याकडे गेल्या. कठड्याची वरची नळी तशीच लखलखत होती. डोक्यावर पाटी, हंडा, लाकडाची मोळी घेऊन जाणाऱ्या बायका एका हाताने कठडा धरत जातात. कित्येक तळव्यांनी तो रंग घासून काढला होता. नळीचा एक तुकडा गायब होता. कापल्याची खूण ताजी होती.

गौतमचा चेहरा पडला. "चुकून कापला असेल साहेबांनी. बाहेरून सारखाच दिसतो, तुम्हीच म्हणालात."

"पुलाचं ड्रॉइंग त्याने काढलंय. मुख्य पाइप कुठला आणि कठडा कुठला हे त्याला कळत नाही?"

सुकऱ्या ऐकत होता. त्याने हळूच विचारलं, "म्हणजे कमल्यानं चोरी नाय केली?"

"नाही."

त्याने तोंड फिरवलं आणि पंच्याने नाक पुसलं. "मी त्याच्या आईला नको नको ते बोललो, बाय."

नीताबाई त्याच्याजवळ दगडावर बसल्या. लहानपणी त्यांनी या ओढ्यांवर दरवर्षी दिवाळीनंतर सांकव घातलेले पाहिले होते. दोन ओंडके, वर बांबू, वेलींनी आवळलेले. पावसाळ्यात वाहून जायचे आणि पुन्हा घातले जायचे. त्यावरून पाय घसरून कुणी पडलं तर सगळा पाडा हसायचा. मेलेलं मात्र त्यांना आठवत नव्हतं.

"पूल उभा केला तेव्हा पाड्याची रीत पाळली होती का रे? बांधणारा आधी?"

"पाळली ना." सुकऱ्याच्या तोंडावर ओझरतं हसू आलं. "बांधेल तो आधी चालेल, खांद्यावर भाताची गोणी घेऊन. कमल्या चालला. उमेश साहेब पण गोणी घेऊन गेलं. मधी जाऊन उड्या मारल्या, फोटू काढलं. आमी हसून हसून मेलो."

"आणि सामान इथवर कसं आणलंत? रस्ता तर नाही."

"खांद्यावर. एकेक भाग चौघा-पाचांनी. साहेबांनी आधीच सांगलं, तुमाला वाहायचं हाय म्हणून मी वजन कमी केलंय. पहिल्या बेतात लाल पट्टा हता, मग निळा केला. लय हलका वाटला, बाय. भिवंडीला गोडावूनात मी याच्यापेक्षा जड उचललंय."

नीताबाई उठल्या. पाइप ड्रॉइंगप्रमाणे. वेल्डिंग चोख. माणसं बाजाराच्या दिवशी असतात तेवढीच. आणि कॉम्प्युटरवरच्या चाचणीचा, सिम्युलेशनचा, जो रिपोर्ट उमेश सगळ्यांना नाचवून दाखवत होता, त्यात दुप्पट माणसं घेतली तरी पूल सुरक्षित होता.

मग बरोबर पाइपचा, बरोबर जोडलेला पूल पडला कसा?

३

"जाळी मी केली, मॅडम," प्रगती म्हणाली.

साखरशेतला तिच्या घराच्या ओटीवर त्या दोघी बसल्या होत्या. प्रगती कमलेशची चुलत बहीण, नाशकाला उमेशच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर विश्लेषण करणारी. दोन दिवसांत तिने धड काही खाल्लं नव्हतं. पलीकडे तिची चुलती, कमलेशची आई, नाचणी पाखडत होती आणि एकदाही इकडे बघत नव्हती.

"तू का आलीस घरी? सुट्टी मागितलीस?"

"नाही. पूल पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सर स्वतः माझ्या कॉम्प्युटरवर बसले. दिवसभर. संध्याकाळी म्हणाले, प्रगती, तुझ्या घरचं प्रकरण आहे, तू आता यात राहू नकोस. गावी जा, फोन घेऊ नकोस."

"आणि तू आलीस."

"मला वाटलं, दया करतायत."

"दया!" नीताबाईंनी ओटीच्या कडेवर हात आपटला. सुपातला आवाज थांबला. "उघड तुझा लॅपटॉप. मॉडेल आहे ना त्यात?"

पडद्यावर पूल उभा राहिला, देखणा, निळाशार. कुठे ताण वाढला की तिथे पिवळा, मग लाल रंग येतो. इथे सगळीकडे शांत निळा.

"मी शिकवायचे तेव्हा हे नव्हतं," नीताबाई म्हणाल्या. "मला अडाण्याला सांगावं तसं सांग. पाइप कॉम्प्युटरला कसा कळतो?"

प्रगतीने दारामागची कागदाची गुंडाळी उचलली, सोडवली आणि तिची नळी केली. "पाइपची भिंत पातळ असते. सगळी भिंत ठोस दाखवली तर मशीन दिवसभर बसेल. म्हणून आपण कागदासारखा एक पृष्ठभाग घेतो आणि त्याचे छोटे चौकोन पाडतो. ती जाळी. या कागदाला शेल म्हणतात. त्याला स्वतःची जाडी नसते. जाडी आपण आकड्याने सांगायची. चित्रात ती दिसत नाही."

"म्हणजे चुकीची सांगितली तरी चित्र तेच?"

"तेच. पण मी बरोबर सांगितली, मॅडम. हे बघा." तिने खिडकी उघडली. आकडा ड्रॉइंगशी जुळत होता.

अंगणात कोंबडी फिरत होती. नीताबाईंना आपला जुना वर्ग आठवला. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला त्या मुलांना एकच गोष्ट घोकायला लावायच्या. कितीही मोठा हिशोब करा, आधी रिकाम्या वस्तूचं वजन काढा आणि हातात उचलून बघता येईल अशा कशाशी तरी जुळवा. मुलं हसायची. उमेशही हसायचा.

"प्रगती, माणसं काढून टाक. नुसता रिकामा पूल दोन्ही काठांवर किती भार टाकतो, ते विचार त्याला."

प्रगतीने विचारलं. उत्तर आलं. नीताबाईंनी पदराआडून ओढ्यावरचा कापलेला तुकडा काढला. सकाळीच त्यांनी तो धान्य खरेदी केंद्राच्या काट्यावर घातला होता आणि ड्रॉइंगमधल्या सगळ्या नळ्यांची लांबी धरून वजन काढलं होतं. काट्यावरच्या माणसाने विचारलं होतं, "बाई, हे काय भात आहे का?"

"माझा पूल," त्या म्हणाल्या, "तुझ्या पुलाच्या निम्म्याने भरतो."

प्रगतीचे डोळे विस्फारले. "असं होऊच शकत नाही."

"चार माणसांनी खांद्यावरून हसत आणलाय तो. मी काट्यावर घातलाय. जे होऊ शकत नाही ते तुझ्या पेटीत आहे. कुठेतरी तुझ्याकडे लोखंड जास्त आहे. शोध."

प्रगतीने पूल फिरवला, जवळ आणला, कापून बघितला. बाहेरची जाळी लपवली. आणि तिच्या तोंडून नुसता श्वास निघाला.

बाहेरची जाळी गेली, तरी पाइप तिथेच होता. आत दुसरी जाळी होती.

"दोन कातड्या," ती पुटपुटली. "मॅडम, डिझाइनच्या चित्रात पाइप खरा जाड काढलेला होता. त्याला बाहेरचा एक पृष्ठभाग आणि आतला एक. मी मधला एकच पृष्ठभाग काढून त्यावर जाळी टाकायला हवी होती. मी अख्खा पाइप निवडला. दोन्हीवर जाळी बसली. आणि दोन्हींना मी पूर्ण जाडी दिली."

"म्हणजे नळीच्या आत नळी."

"दुप्पट भिंत. बाहेरून कुणाला दिसणार नाही." तिने लॅपटॉप बाजूला सरकवला. "मंगळीमामीला मी मारलं."

पलीकडे सूप जमिनीवर आपटलं. कमलेशची आई उभी राहिली होती. ती आली आणि पुतणीच्या समोर थांबली. मारते की काय, असं नीताबाईंना वाटलं. तिने प्रगतीच्या तोंडावर आलेले केस मागे सारले.

"तू मुद्दाम केलंस काय?"

प्रगतीने मान हलवली.

"मंग माझ्या पोराला कोंडून ठेवणाऱ्यानं मुद्दाम केलंय, ते आधी बघा," ती नीताबाईंकडे वळून म्हणाली.

नीताबाईंच्या डोळ्यांसमोर एकदम जीपचं बॉनेट आलं. त्यावर वाळणारे दोन मोजे.

"आज वार कुठला?"

"रविवार."

४

सोमवारी वांगणीच्या पलीकडच्या पाड्यात तारपा वाजत होता. पुलाच्या दोन्ही टोकांना झेंडूची तोरणं लागली होती. खाली वनराई बंधाऱ्याने अडवलेलं पाणी गुडघ्याच्या वर उभं होतं. शाळेची मुलं गणवेशात, हातात कागदी झेंडे घेऊन रांगेत उभी होती आणि रांग सारखी मोडत होती.

उमेश पांढऱ्या शर्टात, संस्थेच्या पाहुण्यांना पुलाचं कौतुक सांगत होता. नीताबाईंना पाहून त्याने हात जोडले.

"मॅडम! तुम्ही आलात, आता कार्यक्रम पुरा झाला."

"अजून सुरू व्हायचाय," त्या म्हणाल्या. त्यांच्यामागे गौतम होता, सुकऱ्या होता आणि लॅपटॉपची पिशवी पोटाशी धरून प्रगती. प्रगतीला पाहताच उमेशचं हसू किंचित हललं.

"पहिलं कोण जाणार?" नीताबाईंनी मोठ्याने विचारलं.

"मुलं! फोटो छान येतो. दहा-बारा छोटी मुलं."

"इथली रीत तुला माहीत आहे, उमेश. वावरला पाळलीस ना? बांधेल तो आधी."

लोक टाळ्या पिटायला लागले. कुणीतरी ओरडलं, "साहेब, गोणी आणू का?" सुकऱ्याने वाट बघितलीच नव्हती. त्याने भाताची गोणी आणून उमेशच्या पायाशी टाकली.

"अहो, मान पाहुण्यांचा," उमेश हसला. "माझं काय, मी घरचाच."

"घरचा आहेस म्हणूनच. आणि एकटा नको जाऊस." नीताबाई पाड्याकडे वळल्या. "चला रे सगळे! साहेबांच्या मागून वाजतगाजत. म्हाताऱ्या, पोरंबाळं, सगळे एकदम!"

तारपेवाला पुढे सरसावला. चाळीस-पन्नास माणसं पुलाच्या तोंडाशी रेटली.

"थांबा!" उमेशचा आवाज चिरकला. "एवढी माणसं एकदम नको!"

तारपा थांबला.

"का नको?" नीताबाईंनी शांतपणे विचारलं. "तुझ्या रिपोर्टात याच्या दुप्पट माणसं आहेत. सगळं निळं आहे. पाइप नाशकाचा, खात्रीचा."

"तरी पण, सुरुवातीला... पाच-पाच..."

"बरं, पाच नको, तू एकटा जा. माझी मनाई नाही."

उमेश हलला नाही. एक पाहुणा अवघडून खोकला.

"नाही जाणार तो," नीताबाई म्हणाल्या. "परवाही गेला नाही. हा पूल तपासायला आला, तेव्हा पुलावर चिटपाखरू नव्हतं. तरी हा माणूस बूट हातात घेऊन या पाण्यातून पलीकडे गेला. ठाण्यात आला तेव्हा मांडीपर्यंत ओला होता. फौजदार, तुम्ही पाहिलंत. डोक्यावर नवा कोरा पूल असताना माणूस ओढ्यातून कशाला जाईल? आणि हाच माणूस वावरच्या पुलावर गोणी घेऊन उड्या मारत होता. मधल्या काळात त्याला काय कळलं?"

"मॅडम, तुम्ही भलतंच..."

"आता मी बोलते. वर्गात तू ऐकलं नाहीस, इथे ऐक." त्यांनी ठाण्यातला तुकडा गौतमच्या हातून घेतला आणि उंच धरला. "कमलेशने पातळ पाइप वापरला, याचा हा पुरावा. हा कठड्याचा आहे. बायांनो, ही चकाकी तुमच्या हातांची. यातली थोडी मंगळीच्या हाताची. मंगळीचा हात लागलेला तुकडा कापून यानं तिच्या भाच्याला कोठडीत घातलं."

बायकांमधून एक आवाज उठला, शिवी की हुंदका ते कळलं नाही.

"पूल चोरीने पडला नाही. कॉम्प्युटरात त्याच्या नळ्यांना दोन कातड्या होत्या. खऱ्या नळीला एकच असते. दुप्पट भिंतीचा पूल मजबूत दिसला, म्हणून यानं लाल पट्टा काढून निळा टाकला आणि वर तुम्हाला सांगितलं, तुमच्या खांद्यांची काळजी घेतली. तो हिशोब या पुलालाही तसाच. कमलेशने बांधला असो की नाशकाने, गर्दी झाली की हाही बसणार. पूल पडल्यावर दुसऱ्या दिवशी यानं मॉडेल उघडलं आणि त्याला ती दुसरी कातडी सापडली. वजन जुळवायचं मी शिकवलं होतं, ते एकदाचं आठवलं असेल. आठवल्यावर काय केलं? हा पूल बंद केला? नाही. कठडा कापला."

"जाळी माझी नव्हती!" उमेश ओरडला. "तिने केली! विचारा तिला! मी फक्त..."

तो थांबला, पण उशीर झाला होता. गौतमने त्याच्याकडे मान वळवली.

"जाळीबद्दल तुम्हाला कधीपासून माहीत आहे, साहेब?"

प्रगती पुढे आली. तिचा आवाज लहान होता, पण मुलंसुद्धा चूप झाली होती. "जाळी मीच केली. चूक माझीच. मी पोलिसांना लिहून देईन. पण सर, तुम्हाला कळलं त्या दिवशी मला सांगितलं असतंत, तर मी रात्रीच इथे येऊन हा पूल बंद केला असता. तुम्ही मला घरी पाठवलंत. आणि आज ही मुलं..." तिने रांगेतल्या मुलांकडे हात केला.

"मुलं हलकी असतात," नीताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता खरोखर फाटला. "म्हणून मुलं आधी. दहा-बारा मुलं, फोटो, टाळ्या. मग दुरुस्तीच्या नावाखाली पूल गुपचूप बंद. तेवढ्यात गर्दी झालीच तर दोष नाशकाच्या वर्कशॉपचा. हो ना? चूक पोरीची आहे, ती तिची ती निस्तरेल. तुझ्याकडून चूक झाली नाही, उमेश. तू मोजून-मापून केलंस."

उमेशने पाहुण्यांकडे पाहिलं. त्यांच्यातलं कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. गौतमने त्याच्या दंडाला धरलं.

सुकऱ्या वाट अडवून उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, आता हात उचलतो. त्याने खाली वाकून भाताची गोणी उचलली, आपल्या खांद्यावर घेतली आणि पुलाकडे नाही तर खाली पाण्यात उतरला. ओढा पार करून त्याने ती पलीकडच्या काठावर ठेवली आणि परत फिरला.

"साहेब," तो पाण्यातून म्हणाला, "वाट एवढीच हाय. आमी हीच वापरत हतो. मंगळीला पोहता येत हतं."

५

संध्याकाळी कमलेश सुटून थेट वांगणीच्या पलीकडे आला. जेवला नाही, घरीही गेला नाही. तोरणं अजून पुलाच्या दोन्ही टोकांना लोंबत होती. प्रगती एकटीच पुलाच्या तोंडाशी बसली होती, कुणी चढू नये म्हणून. मुलं अधूनमधून तिला चिडवून जायची, "बाई, आमी जाऊ काय?" आणि ती दरडावून त्यांना पळवायची.

कमलेश तिच्यासमोर उभा राहिला. नीताबाई थोड्या दूर, दगडावर टेकल्या होत्या. त्या ऐकत नाहीत असं दाखवत ऐकत होत्या.

"दादा," प्रगती म्हणाली, "दुकानावर शेण फेकलं ना लोकांनी."

"धुवीन."

"माझ्यामुळे."

कमलेशने वाकून फळीखालचे पाइप पाहिले. एकेका सांध्यावर हात फिरवला, नाशकाच्या वेल्डरचं काम जोखलं. मग सरळ उभा राहिला.

"खालनं लाल पट्ट्याची आणखी एक नळी जोडली तर चालेल काय?"

प्रगतीने लॅपटॉपची पिशवी जवळ ओढली. "हिशोब करून सांगते."

"वजन आधी," नीताबाई दगडावरून ओरडल्या.

"वजन आधी, मॅडम," ती म्हणाली.

कमलेशने कोयता मागवला. तिघांनी मिळून करवंदीच्या दोन काटेरी फांद्या तोडल्या. एक इकडच्या टोकाला आडवी घातली, दुसरी पलीकडच्या. पलीकडे जायला कमलेश ओढ्यात उतरला. नीताबाईंनी झेंडूचं तोरण ओढून तोडलं आणि काट्यांवर फेकलं. त्यांच्या हाताला काटा लागला, रक्त आलं. त्यांनी बोट तोंडात धरलं, पण राग काही केल्या गिळता येईना.